दादाच्या पेटीतली घुरघुर

दादाचे कान गेले तेव्हा त्याने माझे वापरायला घेतले.

दादा माझा मोठा भाऊ. चाळीस वर्षं त्याने रेडिओ, टेपरेकॉर्डर, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले. मी ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवण्यात जन्म काढला, म्हणून तो मला ‘पंडित’ म्हणतो. ऐकू कमी यायला लागलं तरी त्याने दुकान बंद केलं नाही. कानाच्या डॉक्टरांनी दिलेलं श्रवणयंत्र “डबड्यात डोकं घातल्यासारखं वाटतं” म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलं. मीटर तो बघायचा, सोल्डरिंगचा डाग तो द्यायचा आणि काम झालं की मला समोर बसवून विचारायचा, “पंडित, कसं वाजतंय?”

मी म्हणायचो, “छान.” बहुतेक वेळा ते छानच असायचं.

हल्लीच्या म्युझिक प्लेअरबरोबर येणाऱ्या चिमुकल्या अडॅप्टरवर त्याचा भारी राग. त्यातून गढूळ वीज येते आणि गाण्याची पार माती होते, असं त्याचं ठाम मत. त्यावर उपाय म्हणून त्याने स्वतः एक पेटी बनवली. आत जाडजूड ट्रान्सफॉर्मर, बाहेर पोलादी पत्रा, कोपरे कानशीने घासून गुळगुळीत केलेले. दोन्ही हातांनी उचलून ती माझ्या टेबलावर ठेवली, प्लेअरला जोडली आणि खुर्ची ओढून माझ्या तोंडाकडे बघत बसला.

“बोल.”

गाण्याच्या मागे बारीक घुरघुर होती. शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असावं तशी. आधी ती नव्हती. निदान मला तसं वाटलं. पण असल्या बाबतीत माझ्या वाटण्याला काय किंमत? समोर चाळीस वर्षांचा कारागीर बसलेला. म्हटलं, आपलेच कान वाजत असतील.

“छान,” मी म्हणालो. “मोकळं वाटतं.”

“घुरघुर नाही ना?”

“छे!”

दादा हसला. तसं हसताना मी त्याला वहिनी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. त्या आनंदात त्याने आणखी सहा पेट्या केल्या आणि रविवारी दुकानात गाणी ऐकायला जमणाऱ्या मित्रांना, दातांच्या डॉक्टरांसकट, वाटल्या. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. मग एकेक जण रविवारी यायचा बंद झाला. “लोकांना वेळच नाही आता,” दादा म्हणायचा. मीही मान हलवायचो.

यंदा पुतणी सुट्टीवर आली. ती ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काम करते. बापलेक माझ्याकडे चहाला आले, मी गाणं लावलं आणि तिचा कप ओठांपाशीच थांबला.

“काका, ही घुरघुर कधीपासून?”

“काय म्हणते?” दादाने मला विचारलं. मी चमच्याने चहा ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती.

“घुरघुर, बाबा! तुझी पेटी काढली की जाते.” तिने अडॅप्टर लावून दाखवला, परत पेटी लावली. “बघ, आली!”

दादाने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून पेटी उघडली. आत बोट फिरवलं.

“अर्थिंगची ही तार इथे जोडायला नको होती. पाच मिनिटांचं काम.” मग माझ्याकडे वळून, “तुला ऐकू येत होती?”

“हो. पण मला वाटलं, माझेच कान...”

“मी विचारलं होतं तुला.”

“दादा, अरे...”

“घुरघुर नाही ना, असं स्पष्ट विचारलं होतं, पंडित.”

“तरीच डॉक्टरकाकांनी पेटीवर कुंडी ठेवलीय!” पुतणी म्हणाली. “काल दाढ दाखवायला गेले तेव्हा बघितली. रविवारी सगळे हल्ली तिथेच जमतात ना?” आणि तिने जीभ चावली.

दादाने पेटी पुढे ओढली. त्याने तार कापली, चारही स्क्रू नीट बसवले, पेटी जोडली.

“आता?” त्याने लेकीला विचारलं.

“गेली.”

“आणि अडॅप्टरपेक्षा कसं वाटतं?”

तिने डोळे मिटून दोनदा आलटून पालटून ऐकलं. “सारखंच आहे, बाबा. मला तरी.”

मला मात्र फरक ऐकू आला. ओळ सुरू होण्याआधी गायिका श्वास घेते, तो पेटीवर स्पष्ट आला. की यावा असं मनापासून वाटत होतं म्हणून आला? आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

“दादा, फरक आहे,” मी म्हणालो. “खरंच आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चपला घालता घालता लेकीला म्हणाला, “घरी गेल्यावर ते श्रवणयंत्र शोधून दे गं. डबडं तर डबडं.”

पेटी तो उचलून नेईल असं वाटलं होतं; ती न्यायची तो विसरला की मुद्दाम ठेवून गेला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.