कॅप्टन लोरीची ओंजळ

तिसरं बटण भोकात जाईना. पितळेचं, पलटणीचा आकडा कोरलेलं, काल शिंप्याने घाईत लावलेलं – आणि त्याच्यामागे सीमेवरच्या मुलखात वाढलेलं पोट. कॅप्टन लोरीने श्वास आत ओढला, बटण सरकवलं आणि आरशात पाहिलं. सोललेल्या बटाट्याला पुन्हा साल चिकटवावी तसा दिसतोय मी... आणि ही साल घालून मिरवणारे सगळे स्वतःला लढवय्ये समजतात.

तिकडे तो कंपनी सरकारचा वकील, म्हणजे शीख सरदारांकडचा प्रतिनिधी, होता तेव्हा असला कोट घालावा लागत नसे. सरदार भेटायला येत, तो त्यांच्या बोलीत बोले आणि फुरसतीत शिखांचा इतिहास लिही. पुस्तक विलायतेत छापून निघालं. सतलजच्या लढाईबद्दल त्याने त्यात लिहिलं होतं, की शिखांची फौज हरली नाही. तिच्याच सरदारांनी ती विकली, आणि विकत घेणारे आम्ही होतो. ते एवढं एक प्रकरण कलकत्त्याच्या सरकारला झोंबलं. जागा गेली. त्याला अंबाल्याच्या छावणीत पलटणीवर परत धाडलं, कवायत घ्यायला.

आज दुपारी कलकत्त्याचे सेक्रेटरी मेसमध्ये जेवायला येणार होते. कर्नल पेल्हमने काल खांद्यावर हात ठेवून समजावलं होतं, की ते पुस्तकाचा विषय काढतील, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणायचं, बाजारगप्पांनी माझी फसगत झाली. बस्स, एवढं एक वाक्य. जुनी जागा परत मिळेल.

बाजारगप्पा! हे पेल्हमने म्हणावं – ज्याला बियास आणि सतलज यांतली अलीकडची कुठली हे नकाशा उलटा धरूनही सांगता येणार नाही, ज्याच्या डोक्यात मिशांच्या मेणापलीकडे काही शिरलेलं नाही. लोरीने नकार ठरवून टाकला होता. नकाराचं वाक्यही रात्रीच घोटून ठेवलं होतं, आणि ते इतकं ठाशीव झालं होतं, की ऐकायला ही असली माणसं असावीत याचंच त्याला वाईट वाटत होतं.

मेसकडे जाताना तो वाट वाकडी करून शिखांच्या धरमशाळेपाशी गेला. तिथे भिंतीच्या सावलीत बाबा वसावासिंग बाजेची दोरी वळत बसलेला असे. खालशाच्या फौजेतला जुना गोलंदाज, तोफा डागणारा. पुस्तकातलं निम्मं याच्याच तोंडचं. वकिलीच्या दिवसांत अंबाल्याला फेरी झाली, की त्याच्या शेजारी लोरी कितीदा तरी लंगरच्या पंगतीत मांडी घालून जेवला होता. वाढपी येताच दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायची, रोटी एका हाताने ओढून घ्यायची नाही, तिथे रोटी मिळते, ती उचलायची नसते – हे त्यानेच पहिल्या दिवशी मनगट धरून शिकवलं होतं.

"या लोरीसाहेब," दोरीवरची नजर न उचलता म्हातारा म्हणाला. "नवा कोट? म्हणजे पुन्हा शिपाई केला म्हणायचा तुमचा."

लोरी हसला. मग त्याने सगळं सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. नकाराचं ते वाक्यसुद्धा पंजाबीत करून ऐकवलं. शाबासकी हवी होती का? असावी. या मुलखात शाबासकी घ्यावी असा एवढा एकच माणूस उरला होता.

वसावासिंगने दोरीला पीळ दिला. पुस्तकातलं ते प्रकरण छावणीच्या रसदखात्यातल्या बाबूने बाजारात वाचून त्याचा अर्थ सांगितला होता म्हणे. सगळ्यांनी ऐकलं, आणि कुणी काही बोललं नाही.

"का नाही बोललं?"

"काय बोलायचं? फितुरी झाली हे सतलजच्या माशांनाही ठाऊक आहे." म्हाताऱ्याने दोरीचं टोक दातात धरलं, सोडलं. "तुम्ही त्या दिवशी काठावर होतात ना, साहेब?"

काठावर... हो. तोफांच्या बाजूला. पूल मधोमध तुटलेला, पाणी छातीभर, आणि आमच्या तोफा पाण्यावर चाललेल्या – कुणी शरण येईना, कुणी हात वर करीना – आणि मग ते सुटलेले फेटे, लांबच लांब, निळे, पिवळे, प्रवाहाबरोबर उलगडत जाणारे, जणू खाली कुणीतरी सावकाश धुणं पिळत होतं... पुस्तकात यावर एक ओळ होती. त्या दिवसाबद्दल पदक मिळालं होतं, आणि वकिलाची जागाही.

"होतो," तो म्हणाला.

"मी पाण्यात होतो. माझा भाऊ माझ्या हातातून सुटला. ते तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही शेजारी बसून जेवत होतात. तुम्ही ते तुमच्या भाऊबंदांना लाज वाटावी म्हणून लिहिलंत. पण साहेब, लाज आमची होती. ती आम्ही तुम्हाला ऐकवली होती, दिली नव्हती."

लोरीने टोपी घातली. अडाणी म्हातारा – त्याच्या मनात आलं – याला इतिहास म्हणजे काय ते काय कळणार? आणि पुढच्या पावलाला त्याच्या ध्यानात आलं, की हा तर हुबेहूब पेल्हमचा आवाज.

मेसमध्ये पांढऱ्या कापडावर चांदीची भांडी मांडली होती. सेक्रेटरी गुबगुबीत, हसरा, डुकराच्या मांसावर मन लावून बसलेला. लोरी आपलं वाक्य जिभेवर धरून होता. पण ते आता बटणासारखं कुठेतरी अडत होतं. कोणासाठी होतं ते वाक्य? पाण्यातल्यांसाठी, की टेबलावरच्यांना तुच्छ लेखता यावं म्हणून?

"तर कॅप्टन," सेक्रेटरी म्हणाला, "तुमच्या त्या पुस्तकाबद्दल बोलू या."

त्याच क्षणी खानसामा करमबक्ष पावाचं तबक घेऊन लोरीच्या डाव्या खांद्याशी वाकला – आणि लोरीने मान खाली घालून दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

करमबक्ष गोंधळला. मग त्याने पाव हलकेच ओंजळीत ठेवला.

आधी टोकाचा पोरगेला लेफ्टनंट फिसकन हसला, मग सगळं टेबल. कुणीतरी नॅपकिन डोक्याला गुंडाळून हात जोडले. सेक्रेटरीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

"राहू द्या, राहू द्या," तो म्हणाला. "आता विचारण्यासारखं उरलंच काय? भला माणूस, फार दिवस त्यांच्यात राहिला, त्यांचंच खरं मानून बसला. मी कलकत्त्याला असंच सांगतो. राग धरण्यासारखं काही नाही यात."

पेल्हमने टेबलाखालून बूट मारला. हस, म्हणत होता तो बूट. नुसता हस, आणि तुझी जागा तुझी.

म्हणजे वाक्य लागणारच नव्हतं. नकार द्यायलाही कुणी काही मागत नव्हतं... लोरीने एकेक चेहरा पाहिला, आपली जुनी, भरवशाची तुच्छता शोधली. ती होती, पण कुठल्याच चेहऱ्यावर ठरेना, फिरून फिरून घरच्या कुत्र्यासारखी त्याच्याच पायांशी येऊन बसत होती. पाव गरम होता. हात मागे घेतले तर हसण्यात सामील झाल्यासारखं. तसेच धरले तर – ही ओंजळ तरी माझी कुठे? हीही तिथूनच उचललेली, त्यांनी शिकवलेली, दिलेली नव्हे.

हसणं ओसरू लागलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. आपल्या ओठांचे कोपरे वर गेलेत की नाहीत, हे त्याला आतून कळेना. आणि ओंजळीतला पाव हळूहळू निवत चालला होता.