तुळईखालचे फोटो

“बाबा, दर वेळी तुम्ही त्या खाणीतून वर येता. पण पुढच्या वेळीही याल, हे कशावरून?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, ‘विचारून दाखव, मग मानलं तुला.’ म्हणून हेलेडने जेवता जेवता विचारून टाकलं. तिचे बाबा एमरिस हसले. “अगं, तोंडाशी ती तुळई आहे ना. माझ्या आजोबांच्या आधीपासून डोंगर पेलतेय ती.”

मित्रांनो, हे मी ऐकलं, कारण तिच्या ताटाशेजारच्या फोनवर मी उघडाच होतो. मी एक जुना अल्बम आहे. मला पुठ्ठा नाही की डिंकाचा वास नाही. वेल्समधल्या बंद खाणी धुंडाळणाऱ्या एका मंडळाच्या संकेतस्थळावर मी राहतो; एमरिस त्याच मंडळातले. पाटीच्या दगडाची एक खाण, तिथली मंडळाची पहिली सहल, ती म्हणजे मी.

तेव्हा माझं काय कौतुक होतं! लोक मला चाळायचे, खाली दोन शब्द लिहायचे. मग दर सहलीला नवा अल्बम निघू लागला आणि मी तळाशी गेलो. वर्षानुवर्षं मला कुणी उघडलं नाही. अंधार म्हणजे काय, हे खाणीइतकंच मलाही कळतं.

या मंडळाची एक रीत आहे. या खाणीतून बाहेर पडताना सगळ्यांनी तुळईखाली फोटो काढायचा. त्याशिवाय सहल पुरी होत नाही. येत्या रविवारी हेलेडचा पहिला फोटो निघणार होता. नुकतीच सोळाची झालेली ती, शाळेभर सांगत सुटली होती. त्याआधी मंडळाने तिला एक काम दिलं: सगळे अल्बम नीट लावायचे.

पण तिने सहलीप्रमाणे लावले नाहीत. जागेप्रमाणे लावले. तुळईखालचे सगळे फोटो तिने माझ्यात आणून ओळीने मांडले, आणि कधी न भेटलेले फोटो प्रथमच शेजारी बसले.

माझ्या पहिल्या फोटोत मंडळातले ताडमाड इद्वालकाका ताठ उभे आहेत. पुढे ते मान वाकवतात. मग सगळे गुडघ्यांवर. अलीकडच्या फोटोत सगळे मांडी घालून. त्याखाली कुणीतरी लिहिलंय, ‘बसलात काय रे म्हाताऱ्यांनो?’ आणि इद्वालकाकांचं उत्तर, ‘गुडघे कुरकुरतात बाबा, तुझेही कुरकुरतील.’

हेलेडही हसली. मग तिचं बोट थांबलं. मागच्या भिंतीवर खाणकामगारांनी काढलेली एक पांढरी फुली आहे. माझ्या पहिल्या फोटोत ती तुळईच्या कितीतरी खाली दिसते. शेवटच्या फोटोत ती तुळईमागे अर्धी लपली आहे.

फुली तर जागची हलत नाही, मित्रांनो. मग खाली सरकली ती तुळईच.

तिने बाबांना हाक मारली. तिची आई मेना हात पुसत मागे येऊन उभी राहिली. एमरिस ओळीवरून नजर फिरवत गेले, परत मागे आले.

“थकलेलो असायचो गं आम्ही.”

“सगळेच? आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त?”

एमरिसनी शेवटचा फोटो मोठा करून पाहिला. आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मित्रांनो, एवढं ऐका. जुन्या फोटोंना तळाशी लोटू नका. अधूनमधून नव्याशेजारी मांडून बघा. आम्ही ओरडू शकत नाही. कुणी बघेपर्यंत फक्त थांबू शकतो.

माझ्या ओळीच्या शेवटी हेलेडने स्वतःच्या फोटोसाठी एक चौकट मोकळी सोडली होती, वर रविवारची तारीख घालून. आता तिने ती तारीख पुसली.

“तू तर मैत्रिणींना सांगून बसलीस,” आई हळूच म्हणाली.

“सांगेन त्यांना, उत्तर मिळालं म्हणून,” हेलेड म्हणाली. तिची मान ताठ होती. “आई, बाबा, मी ठरवलंय. ही ओळ आत्ता मंडळातल्या सगळ्यांना पाठवतेय. रविवारी मी खाली उतरणार नाही, आणि बाबा, तुम्हीही नाही. ही चौकट रिकामीच राहील.”