नुसतं टिंब

"बाबा, टोपी आधी, मग अक्षर. तुम्ही टोपी शेवटी घालताय."

"सवय नाही गं. आजवर कुणाला टोपी घातलीच नाही."

फोनच्या पलीकडे लेक हसली. उभा जन्म वायरमन म्हणून काढलेला तो काळ्या पडद्यासमोर चष्मा पुसत बसला होता. लेकीने आपला जुना कॉम्प्युटर पाठवला होता. त्यात रोजच्या बोलण्यातल्या शब्दांची एक फाइल भरली होती, ओळीला एक शब्द. ती धुंडाळणारी ग्रेप नावाची आज्ञा बापाच्या अंगवळणी पडावी म्हणून ती रोज एक कोडं घालायची. टोपीचं चिन्ह म्हणजे शब्दाची सुरुवात, डॉलरचं म्हणजे शेवट. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, आणि टिंबापुढे चांदणी काढली की मधे काय वाटेल ते.

"आजचं घ्या. सुरुवातीला क, शेवटी ळ."

त्याने एका बोटाने टाइप केलं. "आलं. पहिलंच कपाळ."

"पुढे बघा की."

"कमळ. काजळ. बरं आहे, कपाळाच्या पुढेही काही आहे म्हणायचं."

मागे खाटेवर बायकोच्या ओठांचा एक कोपरा हलला. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. पेपरातलं शब्दकोडं ती चहा निवायच्या आत संपवायची. "अहो, तुम्ही रिकामे चौकोन राखत बसा," म्हणायची. मग मेंदूला झटका आला आणि वाचा गेली. देवाने शब्द नेले, समज मात्र जागेवर ठेवली. ही दया होती की परीक्षा, ते त्याचं त्याला ठाऊक.

डाव्या हाताने ती पाटीवर पहिलं अक्षर कसंबसं काढायची, जमलं तर शेवटचंही. तो आज्ञा द्यायचा, आलेले शब्द वाचायचा. हवा तो शब्द आला की ती डोळे मिटायची. तोच होकार. पहिल्यांदा 'खिडकी' सापडली तेव्हा त्याने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. वायर भिंतीत कुठे तुटली हे शोधायलाही एक टोक हाती लागावं लागतं, एवढं त्याला कळत होतं.

दुसरा झटका आला आणि तो डावा हातही गेला.

त्यानंतर एका दुपारी ती कासावीस झाली. नजर त्याच्यावरून हलेना. काहीतरी सांगायचं होतं. त्याने पाटी धरली, पेन्सिल तिच्या बोटांतून घरंगळली. त्याने अक्षरं एकेक करून म्हणून पाहिली, पण ती नुसती बघत राहिली. अक्षरं आता तिला उमगणार नाहीत, असं डॉक्टर म्हणालेच होते. अख्खा शब्द कानावर पडला तर कदाचित.

त्याने लेकीला फोन लावला. "एकही अक्षर हाताशी नसेल तर काय द्यायचं?"

"काहीतरी हवं ना बाबा. नुसतं टिंब दिलंत तर सगळेच शब्द येतील."

"येऊ देत."

लेक हळूच म्हणाली, "आईला त्रास होईल एवढं ऐकून."

"तिने माझं आयुष्यभर ऐकलंय."

त्याने नुसतं टिंब दिलं. पडदा भराभरा वर सरकला आणि थांबला. सुरुवातीपर्यंत मागे जाऊन त्याने कॉम्प्युटर खाटेजवळ ओढला आणि वाचायला बसला, माणूस जपाला बसावा तसा. अंगठी. अंगण. अंधार. प्रत्येक शब्दापाशी थांबायचं, तिच्या डोळ्यांकडे बघायचं, मग पुढचा. कुठल्या नावाला ओ येईल ते सांगता येत नाही, म्हणून एकही गाळायचा नाही. उन्हं भिंतीवरून खाली उतरली. घसा कोरडा पडला. गाठ. घागर. चटणी.

"चादर," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले.

चादर अंगावरच होती. तरी त्याने ती तिच्या खांद्यापर्यंत ओढली, कड नीट केली. "हेच ना गं?" डोळे उघडले नाहीत. होकार आहे की झोप, त्याला कळेना. पुढचा शब्द वाचावा की नाही, तेही कळेना. शेवटी त्याने पडद्यावर त्या शब्दावर बोट ठेवलं आणि जागा हरवू नये म्हणून तसाच बसून राहिला.