हॉलिसचा तिसरा पट्टा

"हॉलिस! बिस्किटं लाटायचा पाट आहे तो माझा!"

हातोडा हवेतच थांबला. टेबलावर पाट, पाटावर कोरा चामडी पट्टा, पट्ट्यावर खिळा, आणि या सगळ्यावर ओणवलेला अडुसष्ट वर्षांचा हॉलिस टिपेट.

"एकच भोक पाडायचंय, व्हर्ना."

"गॅरेजमध्ये पाड ना!"

"तिथं गार लागतं."

ठक्! भोक पडलं, पण रांगेपासून बोटभर बाजूला. ते कशामुळे सरकलं, हे व्हर्नाने पाहिलं होतं. थरथर खिळा धरलेल्या हातात नव्हती, हातोड्याच्या, उजव्या हातात होती. ती पाट उचलून नळाखाली खसखसून घासायला लागली.

जुना पट्टा बावीस वर्षं टिकला होता. मग तो सैलावला आणि त्यात खोचलेलं पिस्तूल दारुड्यासारखं बाहेर कलायला लागलं. म्हणून हॉलिसने घरबसल्या नवा मागवला, पॅन्टच्या मापाचा. पिस्तूल आत खोचल्यावर तो लागेचना. पिस्तूल बाळगायचं तर पट्टा दोन इंच मोठा घ्यावा, हे ओक्लाहोमातलं शेंबडं पोरही सांगेल. एकतीस वर्षं बाळगणारा हा माणूस ते विसरला! दुसरा दोन इंच मोठा मागवला, पण तो येईपर्यंत हॉलिसच आटला.

एकतीस वर्षं गावाबाहेरच्या घरांचे पाण्याचे मीटर वाचताना ते पिस्तूल त्याच्या कमरेला होतं. कागदाच्या निशाण्याखेरीज ते कशावर चाललं नव्हतं. रोज सकाळी निघताना तो दारात थांबायचा, हात जरासे उचलून सावकाश एक गिरकी घ्यायचा आणि विचारायचा, "दिसतंय का?" शर्टाखालचं पिस्तूल उठून दिसतंय का ते व्हर्ना बघायची, म्हणायची, "नाही." एकदा दोघांचं अकरा दिवस बोलणं बंद होतं; तेव्हाही हे तीन शब्द झालेच.

निवृत्तीनंतर तो दर रविवारी चर्चच्या बाजूच्या दारावर राखणीला उभा राहायचा. असे चौघं होते. आणि परवा त्यांच्यातल्या म्होरक्याने, रॉस्कोने, व्हर्नाला फोन केला होता. "व्हर्ना, त्याचा हात... पोरंबाळं असतात गं तिथं. तू बोल ना त्याच्याशी."

"तुम्ही तिघं बाप्ये काय करताय मग?"

"आम्ही कसं सांगणार? मन मोडेल त्याचं."

म्हणजे मन मोडायला व्हर्नाच! शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं तिनं तीनशे पोरांना वाढलं होतं. नको ते ताटात वाढायचं काम नेहमी तिच्याकडेच यायचं. डॉक्टरांनीही थरथरीवर गोळ्या लिहून दिल्या आणि पिस्तुलाचं सांगायचं तिच्यावर सोडून नुसते खाकरले.

"उठ," ती म्हणाली. "एल्डनकडे चल. मापाचा करून घे आणि एकदाचं सोडव मला."

एल्डन खोगिरं शिवायचा, पट्टेही करायचा. दुकानात कातड्याचा आणि मेणाचा वास कोंडलेला. हॉलिस तासभर कातडी चाचपत बसला. हे दुपदरी, ते घोड्याचं, हे वाकतं, ते कुरकुरतं.

"आमच्या लग्नाची अंगठी याने अकरा मिनिटांत घेतली होती," व्हर्ना म्हणाली.

"अंगठीला काही लटकवायचं नसतं, मिसेस टिपेट," एल्डन हसला.

"नवरा लटकला ना जन्मभर!"

अखेर दुपदरी, तपकिरी ठरलं. एल्डनने टेप काढली. "मिस्टर हॉलिस, माप पिस्तुलासकट घेऊ. आधी तेवढं रिकामं करा."

हा त्या दुकानाचा नियम. कोपऱ्यात वाळूचं पिंप होतं. त्यात नळी रोखून पिस्तूल रिकामं करायचं, मग कमरेला लावून माप द्यायचं. हॉलिस पिंपाशी गेला. गोळ्यांचा साठा खालून निघाला. आता वरचा भाग मागे ओढला की नळीतली शेवटची गोळी बाहेर पडणार. त्याने ओढला. निसटला. पुन्हा ओढला. पिस्तूल पिंपाच्या कडेवर टकटक वाजायला लागलं, दात वाजावेत तसं. वाळूकडे रोखलेली नळी कडेकडे सरकली.

एल्डनचा हात पुढे झाला आणि अर्ध्यावरच थांबला. तोही बाप्याच.

"हॉलिस," व्हर्ना हळूच म्हणाली. "वाळूत."

त्याने नळी पुन्हा वाळूत धरली, श्वास घेतला, ओढला. गोळी बाहेर पडली, फरशीवर टणटणली आणि घरंगळत व्हर्नाच्या बुटाशी आली. कुणी वाकलं नाही. व्हर्नाला ओरडावंसं वाटत होतं. रॉस्कोवर, डॉक्टरांवर, या एल्डनवर, झालंच तर त्या गोळीवरही.

हॉलिस बराच वेळ वाळूकडे बघत होता. मग पिस्तूल उघडंच ठेवून त्याने तिच्यापुढे धरलं.

"पर्समध्ये ठेव."

"पर्समध्ये? कोबी आहे तिच्यात."

"ठेव कोबीजवळ." मग तो एल्डनकडे वळला, कोट उचलला. "घे माप."

"असंच?" एल्डन चाचरला. "मग हे पुन्हा लावलंत तर पट्टा लागणार नाही. दोन इंच कमी पडेल."

"ठाऊक आहे. पट्ट्याची मापं मला नको शिकवू."

पहिला पट्टा त्याने कसा मागवला होता ते व्हर्नाच्या अगदी जिभेवर आलं. तिने ते गिळलं आणि वाकून गोळी उचलली.

"आणि एकपदरीच कर," हॉलिस म्हणाला. "नुसती पॅन्टच तर धरायचीय."

रविवारी व्हर्ना चर्चमधल्या जेवणासाठी बटाट्यांचं गरम भांडं दोन फडक्यांत धरून निघाली. पिस्तूल कपाटातल्या पेटीत होतं, किल्ली हॉलिसने आपणहून पिठाच्या डब्यामागे ठेवली होती.

"रॉस्कोला सांगितलंय," तो म्हणाला. "मी पुढच्या दारावर उभा राहतो. म्हाताऱ्यांना दार धरायला कुणी तरी लागतंच. दाराला काय, थोडं हललं तर हललं."

उंबऱ्याशी तो थांबला. हात जरासे उचलून त्याने सावकाश एक गिरकी घेतली. नवा पट्टा मऊ होता, कुरकुरला नाही.

"दिसतंय का?"

व्हर्नाने भांडं खाली ठेवलं. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. शर्टाची मागची कड धरून सरळ केली.

"नाही," ती म्हणाली.