दीपमाला मॅडमचा फळा

मित्रांनो, मी लाकडी चौकटीचा एक जुना काळा फळा आहे. माझा एक कोपरा फुटलेला आहे आणि वरच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात एका शाळेचे नाव लिहिलेले आहे. ते नाव मी सांगणार नाही. नागपूरहून हिंगण्याकडे जाताना रस्त्याला अनेक खासगी शाळा लागतात, त्यांतली एक, एवढे समजा.

सुताराने मला तीन वेळा घासले आणि तीन वेळा रंगवले. पुढची कितीतरी वर्षे मी सहावीच्या वर्गात होतो. मला पुसायला मिळावे म्हणून मुले भांडत. पाहुणे आले की माझ्यावर रंगीत खडूने स्वागत लिहीत. मग भिंतींवर हिरवे फळे आले, त्यानंतर मोठे टीव्ही आले आणि माझी रवानगी जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या बाकांजवळ झाली. तिथे उंदरांनी माझी दोरी खाल्ली.

माझी आठवण एकाच माणसाला राहिली. त्या म्हणजे गणिताच्या दीपमाला मॅडम. अपूर्णांक शिकवताना त्या डब्यात खरी भाकर आणत, माझ्यासमोर तिचे तुकडे करत आणि ज्याने बरोबर सांगितले त्याला तो तुकडा खायला देत. अकरा वर्षे त्यांनी असे शिकवले.

कोरोना आला आणि शाळेला कुलूप लागले. शिक्षकांनी घरून फोनवर शिकवावे असा आदेश निघाला. मॅडमनी फळा मागितला. शाळेचे शिपाई धोंडबा मला स्कूटीच्या मागे बांधून त्यांच्या घरी घेऊन आले.

"याले तिथं कोनी पुसत नाही मॅडम," ते म्हणाले. "राहू द्या तुमच्यापाशी."

घर दोन खोल्यांचे होते. मॅडमचे यजमान दुर्गेश सीताबर्डीला मोबाइलची कव्हरे विकत. ते दुकान बंदच होते. बाहेरच्या खोलीत कपाटाला टेकवून मला उभे केले. समोर लोणच्याच्या बरणीला रबराने फोन बांधला. पंख्याचा आवाज मुलांना जातो म्हणून पंखा बंद. जूनच्या उकाड्यात मॅडम घाम पुसत आणि कपाळभर खडू लागत असे. आतल्या खोलीत त्यांची मुलगी सोनिका वडिलांच्या फोनवर तोच तास ऐकत असे, कारण ती त्याच शाळेत सहावीत होती. शिक्षकांच्या मुलांना फीमध्ये सवलत होती. तिने आतून हात वर केला की मॅडम म्हणत, "हं, सोनिका, बोल." जणू ती चार हातांवर नाही, वर्गातल्या शेवटच्या बाकावर आहे.

पहिल्या महिन्यात शाळेचे पत्र आले: पगार अर्धा मिळेल. पावसाळा संपता संपता तो आणखी कापला गेला आणि दिवाळीपासून काहीच येईना. वरून एक काम वाढले. पालकांना फोन करून फी मागायची. ज्या वर्गाची फी येणार नाही, त्या वर्गाच्या शिक्षकाने पगाराचे विचारू नये, असे संस्थाचालक गणपतराव बैठकीत म्हणाले.

एका मुलाचे वडील कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. बस पाच महिने उभी होती. ते फोनवर ओरडले, "तुमाले लाज नाही वाटत काय मॅडम? तुमाले घरबसल्या पगार भेटून राहिला. आमी काय खाऊन राहिलो, मालूम आहे काय?"

मॅडम म्हणाल्या, "सॉरी भाऊ." फोन ठेवला आणि यादीतल्या पुढच्या नावाला लावला.

शाळेने आणखी एक सांगितले होते. ज्यांच्याकडे रेंज येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक तास रेकॉर्ड करून पाठवा. मॅडमना ते पटले. सहावीचे आणि सातवीचे संपूर्ण गणित त्यांनी माझ्यासमोर उभे राहून रेकॉर्ड केले. एकशे सव्वीस तास. एखादे उदाहरण मनासारखे समजावता आले नाही तर सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून. दुर्गेश दारात बसून गल्लीतल्या मुलांना गप्प करत. मी इतका काळाभोर आणि इतका उपयोगाचा कधीच नव्हतो. खरे सांगतो, ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते. त्याची मला आज लाज वाटते.

फेब्रुवारीत फोनवर बैठक झाली. गणपतराव म्हणाले, "दीपमाला मॅडम, आपण दोन्ही तुकड्या एक करतो आहोत. मुलं रेकॉर्डिंगवर चांगली शिकतात. एवढे शिक्षक ठेवणं आता शाळेला परवडत नाही. पुढच्या महिन्यापासून तुम्ही मोकळ्या."

"सर, पण ते रेकॉर्डिंग माझं आहे," मॅडम म्हणाल्या.

"तुमचं कसं? व्हिडिओ लावून पाहा. फळ्यावर नाव कोणाचं आहे?"

मॅडमनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. माझ्या पट्टीवरचे नाव पुसता येण्यासारखे नव्हते, कारण ते तेलरंगाने लिहिलेले होते.

जूनमध्ये सोनिका सातवीत गेली. पण आई आता शाळेत नव्हती, म्हणून सवलत गेली. मागची फी थकली म्हणून तिचे ऑनलाइन वर्गात येणेही बंद केले गेले. शेजारच्या घरात साहिल नावाचा तिचा वर्गमित्र राही. एके दिवशी सकाळी त्याच्या खिडकीतून मॅडमचा आवाज ऐकू आला. मोठा, स्वच्छ, हसरा आवाज. "मुलांनो, वही उघडा."

सोनिका धावत त्या खिडकीशी गेली. साहिलच्या आईने खिडकी लावून घेतली. "राग नको मानू गा दुर्गेशभाऊ," ती नंतर म्हणाली, "पण शाळेनं सांगतलं, दुसऱ्याले दाखवलं तर आमची बी आयडी बंद होईन."

सोनिका घरी आली. मॅडम तेव्हा कुटून आणलेल्या मिरचीच्या पातेल्याजवळ बसल्या होत्या. भिवापूरची मिरची आणून, तिखट करून, पुड्या बांधून त्या घरोघर विकू लागल्या होत्या. त्यांच्या बोटांची आग होत असे.

"आई, तू सगळ्याइले शिकवून राहिली," सोनिका म्हणाली. "मलेच काहून नाही?"

मॅडमनी हात धुतले, खडू घेतला आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. एक ओळ लिहिली. भिंतीपलीकडून त्यांचाच आवाज पुढचे उदाहरण सांगत होता. त्यांनी खडू खाली ठेवला. पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. त्या दिवशी आणि त्यानंतर कित्येक दिवस त्यांना माझ्यावर लिहिता आले नाही. सोनिकाने पुस्तक एकटीनेच वाचले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जागा निघाली. तिथे अनुभवाचे प्रमाणपत्र मागितले. गणपतरावांनी निरोप पाठवला: आधी शाळेची वस्तू परत करा. मला न्यायला धोंडबाच आले. दोरी बांधताना त्यांनी एकदाही वर पाहिले नाही.

प्रमाणपत्र मिळाले. त्यात लिहिले होते की मॅडमनी स्वखुशीने नोकरी सोडली. सही केली तरच कागद हातात मिळणार होता. शाळेच्या व्हरांड्यात, माझ्या शेजारी उभे राहून मॅडमनी सही केली.

मला फाटकाशी ठेवण्यात आले. माझ्यावर 'प्रवेश सुरू' असे लिहिले. काही दिवसांनी मॅडम सोनिकाचा दाखला काढायला आल्या. मधली सुटी होती. सातवीतली एक मुलगी, मयुरा, धावता धावता थांबली आणि त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"मॅडम, तुम्ही खऱ्या आहात?"

"म्हणजे काय गं?"

"आम्हाला वर्गात टीव्हीवर तुम्हीच शिकवता. पण ऋण संख्यांच्या तासाला तुम्ही विचारता ना, 'समजलं का?' आम्ही सगळे 'नाही' म्हणतो. तरी तुम्ही पुढे जाता."

मॅडम खाली वाकल्या, फाटकाशी पडलेला खडूचा तुकडा उचलला आणि 'प्रवेश सुरू'च्या खाली एक लांब आडवी रेघ ओढली. मध्ये शून्य मांडले. "उणे तीनवर उभी राहा," त्या म्हणाल्या. "आता उणे पाच वजा करायचे म्हणजे तोंड कुठे फिरवशील?" मयुराने बोट ठेवले. चुकले. मॅडम थांबल्या. पुन्हा विचारले. दुसऱ्या खेपेला बोट बरोबर जागी गेले आणि मयुरा टाळी वाजवून ओरडली, "दोन!"

"मॅडम, चला आता," धोंडबा हळूच म्हणाले. "सायेब कॅमेऱ्यात पाहून राहिले."

त्या गेल्या. धोंडबांनी ओल्या फडक्याने मला पुसले.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या टीव्हीवर पुन्हा तास लागला. 'समजलं का?' असा प्रश्न आल्यावर मयुरा उभी राहिली आणि म्हणाली, "हे नीट समजलं नाही. कालच्या मॅडमना बोलवा, त्या सांगतात." दोन तुकड्यांवर लक्ष ठेवायला बसवलेल्या बाईंनी तिला बाहेर काढले. ती तासभर फाटकाशी, माझ्या बाजूला उन्हात उभी होती.

"काका," तिने धोंडबांना विचारले, "त्या मॅडम कुठे राहतात?"

धोंडबांनी मला त्या घरी नेले होते आणि त्याच घरून परत आणले होते. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिले. "मले नाही मालूम," ते म्हणाले.

मित्रांनो, मला मालूम आहे. गल्ली, दार, कपाटाजवळची जागा, सगळे मालूम आहे. पण मला तोंड नाही. माझ्यावर कोणी लिहिले तरच मी बोलतो, आणि आज माझ्यावर फीचा दर लिहिलेला आहे. तुम्हाला तोंड आहे. जे तुम्हाला शिकवतात ते कुठे आहेत, घरी काय खातात, हे मोठ्याने विचारा. बाहेर उभे केले, तरी विचारा.