‘पाणी आलं’ म्हटलं की मी पडायचो

मी एक जुना पडदा आहे, नाटकाचा. पण मित्रांनो, लगेच डोळ्यांसमोर लाल मखमल आणू नका. मखमलीचे पडदे थिएटरात राहतात. मी गोणपाटाचा. लासलगावच्या मार्केट यार्डात ज्या गोण्यांत कांदा भरतात, त्यातल्या फाटक्या गोण्या म्हणजे माझे आईबाप. आजही हवा दमट झाली की माझ्या अंगाला कांद्याचा वास येतो. एका गावात तर माझ्याशेजारी उभं राहून रडणाऱ्या मुलीला पाहुण्यांनी "काय खरं रडते!" म्हणून बक्षीस दिलं. तिला अभिनय येत होता, यात वादच नाही. पण थोडं श्रेय माझंही होतं, ते मात्र मला कोणी दिलं नाही.

माझा जन्म नाशिकमधल्या एका वसाहतीत, बुद्धविहाराच्या ओट्यावर झाला. साल अठ्ठ्याहत्तर असेल. वसाहतीतल्या शाळकरी मुलामुलींनी तेव्हा कलापथक काढलं होतं. जयंतीला गाणी म्हणायची, आजूबाजूच्या गावांत जाऊन छोटी नाटकं करायची. त्यांना शिकवायला निवृत्तीदादा होते. ते दिवसा नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी विहारात येऊन घसा बसेपर्यंत तालीम घ्यायचे. पथकाकडे ढोलकी होती, पेटी होती, पण पडदा नव्हता. दोन मुलं दोन बाजूंनी चादर धरून उभी राहायची. त्यांना हसू आलं की चादर गदगदा हलायची, आणि चादर हलली की सगळा मांडव हसायचा.

मग नाथाने मनावर घेतलं. नाथा म्हणजे पथकातला ढोलकीवाला, उंच, काटकुळा आणि कायम भुकेला. त्याचा मामा लासलगावला हमाली करायचा. त्याच्याकडून नाथाने फाटक्या गोण्या आणल्या. वसाहतीतल्या बायका दाभण आणि सुतळी घेऊन ओट्यावर बसल्या.

"दादा, जन्मभर गोधड्या शिवल्या," वत्सलाबाई म्हणाल्या, "पन एवढी मोठी गोधडी नाय शिवली. हिच्यात झोपनार कोन?"

"हिच्यानं कोणी झोपणार नाही, वत्सलाबाई. हिच्यानं माणसं जागी होणार!"

"बघा! या दादांना सुतळी मागितली तरी भाषणच देतात!"

सगळ्याजणी खदाखदा हसल्या. ते हसूच माझ्या टाक्याटाक्यात शिवलेलं आहे, असं मला वाटतं.

मग मला चिंचोक्याची खळ लावली, उन्हात ताणून वाळवलं आणि मुलांनी मला रंगवलं. आभाळाला कपड्यांची नीळ, घरांना तांबडी काव. मधोमध एक नळ. तो नळ यशोधराने काढला. यशोधरा म्हणजे यशी. सगळ्यांत मोठा आवाज तिचा, सगळ्यांत मोठं हसू तिचं, आणि नळही तिने भलामोठा काढून ठेवला.

"यशे, अगं नळ घराएवढा कसा?" दादांनी विचारलं.

"आपल्या वसाहतीत घरापेक्षा नळच मोठा आहे, दादा!"

दादांनी नळ तसाच राहू दिला. कारण ते खरं होतं. अख्ख्या वसाहतीला एक नळ, आणि त्याला पाणी कधी येईल ते कोणालाच ठाऊक नसायचं. कोणी नुसतं "पाणी आलं!" ओरडलं की बायका पोळी तव्यावर टाकून, मुलं पाटी टाकून, हंडे-बादल्या घेऊन धावत सुटायची. यावरच दादांनी नाटक बसवलं. यशीचं काम म्हातारीचं. स्टेजवरच्या खोट्या नळासमोर हंडा मांडून ती पूर्ण नाटकभर बसून राहते, आणि अगदी शेवटी उठून ओरडते, "पाणी आलं!" बस, नाटक संपलं.

तिथे माझं काम. माझ्या तळाला आडवा बांबू होता आणि वर कप्पीवरून दोरी. दोरी ओढली की मी गुंडाळत वर जायचो. सोडली की धप्पकन खाली! दोरी नाथाच्या हातात, कारण या नाटकात ढोलकी नव्हती. दादांनी त्याला बजावलं होतं, "बाकी काही ऐकू नकोस, नाथा. तुझं ध्यान इकडेतिकडे असतं. फक्त दोन शब्द. 'पाणी आलं' ऐकलं की सोड."

आणि नाथा सोडायचा! या नाटकासाठी मी किती गावं फिरलो म्हणून सांगू! ओझर, कळवण, एकदा तर लासलगावलाच गेलो. तिथल्या हमालांनी मला हात लावून पाहिला, "आपलीच गोनी हाय रं!" म्हणाले. मुलं माझ्यावरच्या नळाची चावी फिरवून बघायची. मला असं काही फुगल्यासारखं व्हायचं!

पण मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते ऐकताना नीट बसा.

यशी दहावीत गेली आणि तिच्या वडिलांनी, धोंडीरामांनी, नाटक बंद करायचं ठरवलं. ते ओझरच्या विमानाच्या कारखान्यात कामाला होते. स्वतःची शाळा चौथीत सुटली, म्हणून लेकीच्या शाळेवर त्यांचा फार जीव. यशी तालमीत येऊन रडवेली होऊन सांगायची, "अण्णा म्हणतात, नाटकानं पोट भरत नाय. अहो, त्यांनी मला एकदाही पाहिलं नाहीये! जयंतीला त्यांची कारखान्यात पाळी, गावाला जायचं तर त्यांची पाळी. न बघताच कसं नको म्हणतात?"

शेवटी तिची आई, सुलाबाई, मध्ये पडली. जिल्ह्यातल्या युवक मंडळांची नाट्यस्पर्धा नाशिकमध्येच होती, एका शाळेच्या पटांगणात. धोंडीराम म्हणाले, "बरं. एक डाव येतो. बघतो. मग काय ते सांगतो. पन मी सांगंन ते शेवटचं." यशीने मान हलवली. एका प्रयोगावर सगळं ठरणार होतं.

स्पर्धेच्या संध्याकाळी पटांगण भरून गेलं. स्टेजला स्वतःचा पडदा नव्हता, ज्याने त्याने आपला आणायचा. मला टांगलं आणि समोरच्या परीक्षकांनी चष्मे वर करून माझा नळ पाहिला. यशी केसांना पांढरी पावडर फासून माझ्या कडेला उभी. तिने मला बोटाने जरासं बाजूला सारलं आणि बाहेर डोकावली. तिसऱ्या रांगेत सुलाबाई. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी. खुर्चीवर तिने हात पसरून ठेवलेला, कोणी बसू नये म्हणून.

"येतील गं," नाथा म्हणाला. "कंपनीची बस असते ना."

"सहाला सुटते बस."

"मग पंक्चर झाली असेल."

"नाथ्या, शुभ बोल जरा!"

नाटक सुरू झालं. चांगलं रंगलं. पण यशीचा एक डोळा त्या खुर्चीवर. खुर्ची रिकामीच. म्हातारीचं मोठं भाषण जवळ आलं. नाटकाचा सगळा जीव त्या भाषणात होता, आणि अण्णांनी तेच ऐकायला हवं होतं. मग यशीने काय करावं? तिने वेळ काढायला सुरुवात केली! नाटकात नसलेलं बोलायला लागली. कमरेला चाचपून तंबाखूची पिशवी शोधली. नाटकातल्या शेजारणीला सुनेच्या कागाळ्या सांगितल्या. लोक हसत होते, विंगेत दादा डोक्याला हात लावून उभे. यशी आणखी रंगात आली. नळाला कान लावला आणि म्हणाली, "अगं बया, नळ गुरगुरतोय का? पाणी आलं काय गं?"

पाणी आलं!

नाथाने दोरी सोडली. त्याचा तरी काय दोष? दोन शब्द ठरले होते, दोन शब्द ऐकले. तिकडे तिसऱ्या रांगेत सुलाबाई सवयीने अर्धी उठली आणि हंडा शोधायला लागली. आणि मी? मी धप्पकन खाली आलो, नाटकाच्या ऐन मध्यावर.

लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या पडल्या. माझ्या मागे एकच गोंधळ.

"बहिऱ्या! सोडलीस कशाला?"

"तूच म्हणालीस ना पाणी आलं!"

"मी विचारलं, 'आलं काय'!"

"विचारायचं कशाला मग? लिहिलंय का तसं?"

"भांडू नका, आधी वर ओढा!" दादा ओरडले. नाथाने दोरी ओढली. मी हललो नाही. दोरी कप्पीच्या चाकावरून घसरून फटीत रुतली होती. नाथा लोंबकळला, दुसरा मुलगा त्याच्या कमरेला लोंबकळला. मी जागचा हलेना. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! बाहेर निवेदकाने माइक हातात घेतला, पुढच्या मंडळाचं नाव पुकारायला.

तेवढ्यात यशी खाली बसली आणि माझ्या बांबूखालून सरपटत बाहेर गेली.

"थांबा!" ती म्हातारीच्याच आवाजात ओरडली. "ओ माइकवाले भाऊ, खाली ठेवा ते! पाणी आलेलं नाय. मी बी अजून गेलेली नाय."

हशा पिकला. निवेदकाने परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षकांनी हाताने खूण केली, चालू द्या.

यशी माझ्यासमोर एकटी उभी होती. ना शेजारीण, ना हंडा, ना नळ. नळ होता तो माझ्यावर रंगवलेला. समोरच्यांना ती ताठ दिसत होती. पण तिची पाठ मला टेकली होती आणि ती पानासारखी थरथरत होती. हे फक्त मला कळलं. मी कधीच कोणाला धरून ठेवू शकलो नाही, कापडाला हात कुठून असणार? पण त्या दिवशी मी जमेल तितका ताठ उभा राहिलो.

आणि तेव्हाच पटांगणाच्या फाटकातून धोंडीराम आत आले. अंगात कंपनीचा निळा गणवेश, हातात डबा. बस खरंच पंक्चर झाली होती. ते खुर्चीपर्यंत गेलेच नाहीत. शेवटच्या रांगेमागे जिथे होते तिथेच थांबले. यशीने त्यांना पाहिलं. तिची पाठ माझ्यापासून सुटली. ती दोन पावलं पुढे गेली आणि बोलायला लागली.

"पोरांनो, आमच्या गावात विहीर होती. पाणी बी होतं. पन आमचा हात लागू देत नव्हते. काठापासून लांब घागर मांडायची नि बसायचं. कुनाला दया आली तर वरून वतायचे. वतताना म्हनायचे, मागं सर. मी मागं सरायची. आनखी मागं सर. आनखी सरायची. अशी सरत सरत, बाबांनो, मी नाशकात आली. आता माझ्या मागं भित हाय. आता मला सरायला जागा नाय. हा नळ सरकारचा नि हंडा माझा. पाणी येवो नायतर न येवो, मी हितून उठायची नाय!"

आता शेवट करायला हवा होता, पण शेवट करतो पडदा, आणि पडदा तर आधीच पडलेला! यशीने माझ्याकडे वळून पाहिलं. मग तिने छाती भरून हाक दिली, "पाणी आलं!"

आणि मित्रांनो, माझ्या तळाला हात लागले. एक नाही, सगळ्यांचे! दोरी गेली खड्ड्यात म्हणत नाथाने, शेजारणीने, दादांनी, अख्ख्या पथकाने माझा बांबू धरला आणि मला उचलून डोक्यांवर नेलं. माझ्याखाली ते सगळे उभे, पुढे रांगेत मांडलेले हंडे. जन्मभर माझ्या पडण्याने नाटक संपत आलं होतं. त्या संध्याकाळी मी उठल्यावर संपलं. टाळ्या म्हणाल तर अजून माझ्या सुतळीत वाजतात.

कप मात्र मिळाला नाही. वेळ जास्त झाला आणि पडदा भलत्या जागी पडला, असं परीक्षकांनी सांगितलं. ते बरोबरच होतं. मागे सगळे मला गुंडाळत होते. यशी डोळे पुसत होती, पावडर गालांवर ओघळली होती. धोंडीराम आले. नाथा दादांच्या मागे लपला.

धोंडीरामांनी आधी माझ्या कप्पीचं चाक फिरवून पाहिलं. मग लेकीकडे न बघताच विचारलं, "तो आवाज कुठून आनला?"

"कोणता, अण्णा?"

"म्हातारीचा. माझी आई तशीच बोलायची. तू तर तिला पाहिलं बी नाय."

"तुमच्याकडूनच आणला. तुम्ही माझ्यावर रागावलात की असंच बोलता."

सुलाबाईने पदर तोंडाला लावला. तिला हसू येत होतं की रडू, ते मलाही कळलं नाही. धोंडीराम बराच वेळ चाक फिरवत राहिले. यशीला राहवेना. "अण्णा, तुम्ही सांगणार होता ना? शेवटचं?"

"दहावी करायची. ते तर हायेच." त्यांनी चाक सोडलं. "आन फुडलं नाटक कधी हाय ते आधी सांगत जा. मला पाळी बदलून घ्यावी लागती."

यशीने त्यांना अशी मिठी मारली, की त्यांचा निळा गणवेश पांढरा झाला.

मित्रांनो, पुढे वसाहतीत घरोघरी नळ आले, मग टीव्ही आला. पथकातली मुलं मोठी झाली, नोकरीला लागली. यशी कळवणकडच्या शाळेत शिक्षिका झाली. मी विहाराच्या माळ्यावर आहे. कोणीतरी माझी घडी घालून ठेवली, त्यामुळे आभाळाचा रंग घडीघडीला तडकलाय, आणि खळीच्या वासाने उंदीरही येऊन गेले. रंगवलेला पडदा घडी घालून ठेवू नये, गुंडाळून ठेवावा, एवढं लक्षात ठेवा. मला खाली काढा, ऊन दाखवा, फाटलंय तिथे दोन टाके घाला. अजून टांगता येईल मला.

आणि तुमच्यातली एखादी मुलगी माझ्यासमोर उभी राहणार असेल, तर तुमच्या घरच्यांना सांगा, बघायला या. उशीर झाला तरी या.