बधीर ओठ

चॉकलेट जमलं की नाही, हे मास्तर ओठाने ठरवायचे. "थर्मामीटर आजाऱ्याच्या काखेत शोभतो," म्हणायचे. वितळलेलं चॉकलेट संगमरवरी फरशीवर ओतायचं, पात्याने पसरायचं, गोळा करायचं, पुन्हा पसरायचं. मग एक थेंब खालच्या ओठाला लावायचा. जेमतेम गार लागला, की "झालं!" बायकोला त्या फरशीला हात लावायची बंदी. तिने साचे कापसाने पुसावेत, खोकी भरावीत. तीस वर्षं हेच! काय म्हणावं या माणसाला?

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, नशीब म्हणायचं, पण ओठ बधीर राहिला. त्यांना त्याचा पत्ताच नाही. हनुवटीवर चहा ओघळायचा, तोही बायकोच पुसायची. पुन्हा कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी चॉकलेटं साच्यातून सुटेनात. सुटली ती पांढुरकी, मऊ.

आता हे त्यांना सांगायचं कुठल्या तोंडाने? मास्तर दुपारी जेवून आडवे झाले, की ती त्यांचा सगळा माल परत वितळवायची, लपवलेला थर्मामीटर काढायची आणि एकतीस अंशांवर आणून साचे भरायची. तीस वर्षं बघून बघून सगळं पाठ झालं होतं. उठल्यावर मास्तर एक तुकडा मोडायचे. कट्!

"बघितलंस? हात अजून शाबूत आहे."

"हो तर," ती म्हणायची आणि भांडी घासायला वळायची.

चार महिने असं निभावलं. एका दुपारी मात्र मास्तरांना झोप लागली नाही. ते आत आले तेव्हा ती फरशीपाशी उभी, हातात थर्मामीटर, आणि त्यांचा सकाळचा ट्रे शेजारीच पडलेला. त्यांनी त्यातला तुकडा उचलला. तो मोडला नाही, वाकला. दुसराही वाकला. तिसरा बोटांना चिकटला.

"कधीपासून?"

"अहो, आधी बसा बघू."

"कधीपासून, ते सांग."

"दवाखान्यातून आल्यापासून."

मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी ओठाला चिमटा काढला, मग नख रुतवलं. काही नाही.

"म्हणजे चार महिने मी नुसता चिखल कालवतोय. आणि तू होला हो म्हणतेयस!"

आणि एवढा तिरसट माणूस ढसाढसा रडायला लागला हो. तिचं काळीज तुटलं.

"ते संत्र्याचं," त्यांनी डोळे पुसत विचारलं, "ते तरी माझं होतं का गं?"

महिन्यापूर्वी ते संत्र्याचं चॉकलेट तोंडात टाकून मास्तर म्हणाले होते, असं माझ्या हातून जन्मात झालं नव्हतं. ती मोरीत जाऊन रडली होती, आनंदाने. तीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याने तिच्या कामाला चांगलं म्हटलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

आताही शब्द अगदी जिभेवर आले. तिने ते गिळले.

"तुमचंच होतं. त्या दिवशी मला कणकण होती, मी दुपारभर पडूनच होते."

"खरंच?"

"तुमच्या गळ्याची शपथ."

मास्तरांनी मान हलवली. उठून एप्रन सोडला, नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"सगळं कर," ते दारातून म्हणाले, "पण ते संत्र्याचं तेवढं करू नकोस. ते तुला नाही जमायचं."

"नाही करणार," ती म्हणाली.